खोकला नाही, मग कानात क्षय कसा?

प्रश्न : माझ्या भाच्याचा कान कित्येक महिने वाहतो आहे. दुखत नाही, खोकलाही नाही. तरी डॉक्टरांनी क्षयाची तपासणी करायला सांगितली. छातीचा आजार कानात कसा जाईल?

उत्तर : शंका रास्त आहे. क्षय म्हणजे खोकला, असेच आपण धरून चालतो. पण रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधलेला क्षयाचा जंतू केस आणि नखे सोडली, तर शरीरात जवळपास कुठेही मुक्काम करू शकतो.

नाकामागून मध्यकर्णापर्यंत एक अरुंद नळी जाते. खोकल्याबरोबर वर आलेले जंतू तिच्यातून कानात शिरू शकतात. दुसरी वाट रक्ताची. त्यामुळे छातीचा एक्स-रे स्वच्छ असला, तरी कानात क्षय असू शकतो.

म्हणून कान वाहणाऱ्या प्रत्येकाला क्षय असतो असे मुळीच नाही. हा प्रकार विरळा आहे. पण नेहमीचे थेंब आणि प्रतिजैविके देऊनही कान वाहतच राहिला, फारसा दुखला नाही, ऐकू मात्र झपाट्याने कमी येऊ लागले किंवा पडद्याला अनेक छिद्रे दिसली, की डॉक्टरांना संशय येतो. कानातल्या स्रावात जंतू थोडे असल्याने ते सहज सापडत नाहीत. म्हणून आतल्या पेशींचा बारीक तुकडा काढून बायोप्सी आणि क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी करतात.

दुखत नाही म्हणून थांबणे धोक्याचे. मध्यकर्णातल्या लहानशा हाडांना कीड लागली, तर बहिरेपण येते. चेहऱ्याची नस तिथूनच जाते; तिला इजा झाली, तर तोंड वाकडे होते.

‘क्षयाच्या औषधांनी कान जातात’ ही भीती स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांमुळे पसरली. तो धोका खरा होता, पण आजच्या नेहमीच्या पहिल्या उपचारात ते इंजेक्शन नसते. गोळ्या साधारण सहा महिने चालतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. फक्त कानातला क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. तरी छातीची तपासणी करून घ्यावीच.

तेव्हा तपासणी टाळू नका आणि कानात तेल घालू नका. निदान क्षयाचे निघाले, तर कान कोरडा झाला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. पूर्ण उपचारांनी हा आजार बरा होतो.