कपाटातील पावसाळा

छंदाने जमविलेल्या वस्तूंविषयी लिहिताना मनुष्य सहसा प्राप्तीचा वृत्तान्त सांगतो. मला हानीचा सांगावयाचा आहे, आणि तो बारीकसारीक तपशिलासह सांगावयाचा आहे, कारण ज्या चुका माझ्या हातून घडल्या त्याच चुका ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कितीतरी घरांत आजही चालू असल्याचे मी पाहतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी आम्ही कल्याणात, वालधुनी नदीपासून फार दूर नसलेल्या एका वस्तीत, तळमजल्यावर राहत होतो. पाणी उंबरठ्याला लागले तेव्हा हाताशी वेळ थोडा होता, आणि तेवढ्या वेळात मी माझे अकराच्या अकरा कॅमेरे माळ्यावर चढविले. खाटेखाली पत्र्याची एक ट्रंक होती, तिचे मला स्मरणही झाले नाही. तीत वडिलांनी आग्फा क्लिक थ्रीने काढलेल्या चित्रांची निगेटिव्ह होती. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर सहा सेंटिमीटरची बारा चौकोनी चित्रे निघत, आणि रोलचा खर्च तेव्हाच्या पगारात जाणवण्याइतका असल्याने वडील प्रत्येक चित्र मोजूनमापून घेत: मासुंदा तलावाच्या काठी उभी असलेली भावंडे, मांडवाच्या दारी आत्या, पाट्याशी बसलेली आजी. आजीचे हे एकच चित्र होते. त्याची छापील प्रतही आमच्याकडे उरली नव्हती.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली आणि तेथे मी दुसरी चूक केली, जी पहिलीपेक्षा मोठी होती. ओल्या निगेटिव्हचा गठ्ठा वर्तमानपत्रावर ठेवून मी पंखा लावला. फिल्मवरचा चित्रधारी थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, आणि त्याच स्थितीत वाळला की लागून असलेल्या फिल्मला सरसासारखा चिकटतो. संध्याकाळी मी ती निगेटिव्ह सोडवू लागलो तेव्हा आजीचा चेहरा शेजारच्या फिल्मच्या पाठीवर निघून आला आणि माझ्या बोटांखाली त्याचे तुकडे झाले. अशा प्रसंगी करावयाचे ते याच्या नेमके उलट आहे. भिजलेली निगेटिव्ह वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवावीत, दोन दिवसांच्या आत एकेक सोडवून, चित्राच्या बाजूला बोट न लावता, पाणी बदलून धुवावीत आणि कडेला चिमटा लावून दोरीवर टांगावीत. एवढी गोष्ट मला त्या दिवशी कोणी सांगितली असती, तर आजीचे चित्र आज घरात असते.

पुढे आम्ही डोंबिवलीस तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलो आणि माझी अशी खातरजमा झाली की आता पाण्याचे भय संपले. संग्रह वाढू लागला. सुटीच्या दिवशी फोर्टात बोरा बाजारापर्यंत जाणे, कोणाच्या निवृत्त काकांकडचा पेन्टॅक्स के १००० उतरून घेणे, कोणी डिजिटलकडे वळला म्हणून त्याचा निकॉन एफएम टू विकत घेणे, असे करता करता दहा वर्षांत संख्या त्रेचाळीसवर गेली. प्रत्येक कॅमेरा त्याच्या मूळच्या चामडी म्यानात घालून, लोखंडी कपाटात ओळीने मांडून, वर डांबरगोळ्या ठेवून मी कुलूप लावीत असे, आणि त्या कुलपालाच निगराणी समजत असे.

एका आषाढात, नातेवाइकाला दाखविण्यासाठी, एका कॅमेऱ्याचे भिंग काढून मी त्यामागे विजेरी धरली. काचेच्या आत, कडेपासून मध्याकडे, कोळिष्टकासारख्या बारीक पांढऱ्या फांद्या पसरल्या होत्या. दर फांदीला उपफांदी, आणि टोकाशी कापसाचा ठिपका. मी दुसरे भिंग काढले, मग तिसरे. रात्री पावणेबारापर्यंत एकोणतीस भिंगे तपासली. त्यांतील सतरांना बुरशी लागली होती. जे पाणी मी खालून येईल म्हणून भ्यालो होतो, ते हवेतून कपाटात येऊन राहिले होते.

ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला साठ-पासष्ट टक्के ओल, अंधार व कोंडलेली हवा पुरते. माझ्या कपाटात तिन्ही होते. चामडी म्यान तर ओल धरून ठेवणारे आणि बुरशीला खाद्य पुरविणारे; म्हणून म्याने जपावीत जरूर, पण वेगळ्या जागी. डांबरगोळ्यांनी ओल तर हटत नाहीच, उलट त्यांच्या वाफेचा थर काचेवर आणि फिल्मवर बसण्याचे भय असते. बुरशी नवी असेल तर कुशल कारागीर भिंग खोलून ती पुसून देतो. परंतु ती आम्ल सोडते, आणि त्या आम्लाने काचेवरचा लेप एकदा कोरला गेला की तो भरून निघत नाही. माझ्या सतरांपैकी सहा भिंगे अशी कायमची गेली.

यावर माझी आताची वहिवाट सांगतो. रबरी कडेचा, घट्ट बसणाऱ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. त्यात आर्द्रता दाखविणारे लहानसे यंत्र. आणि सिलिका जेल. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला पाहिजे. त्याहून फार कोरडी हवाही वंगण आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या भात्याचे चामडे सुकविते. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची शक्ती संपली. ते तापवून पुन्हा निळे करता येतात, परंतु त्या रंगात कोबाल्टचा क्षार असल्याने स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी कदापि वापरू नये. मी पूर्वी पुड्या ठेवीत नव्हतो असे नाही. मी त्या दोन दोन पावसाळे बदलीत नव्हतो. ज्यांची ऐपत आहे त्यांनी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. एका महाग भिंगाच्या किमतीहून ते स्वस्त पडते, आणि माझ्या मते दहावा कॅमेरा घेण्याआधी ते घेणे हे संग्राहकाचे कर्तव्यच आहे.

ऊन दाखवावे असे जुनी माणसे सांगतात, ते खोटे नाही. पण त्यातही माझा एक झोर्की बळी गेला. या रशियन कॅमेऱ्याचे शटर कापडी पडद्याचे असते आणि भिंग व पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. भिंगावर टोपण न लावता मी तो सज्जात सूर्याकडे तोंड करून ठेवला. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळतो तेच येथे झाले: पडद्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले, आणि पुढच्या रोलवरील प्रत्येक चित्रात त्याच जागी पांढरा ठिपका उमटला. ऊन द्यावयाचे तर भिंग सुटे काढून द्यावे. सेल तर कोणत्याही कॅमेऱ्यात वा फ्लॅशमध्ये ठेवून कपाट लावू नये. अल्कलाइन सेल पाझरून हिरवट पापुद्रा धरला असेल तर लिंबाच्या रसाचा कापूस फिरवून, मग कोरडे करून, ते टोक पुष्कळदा वाचविता येते.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी अधिक निष्काळजी होतो, कारण तेथे नासण्याजोगे काही नाही अशी माझी समजूत होती. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुणाईची जी गर्दी लोटते, तिची चित्रे मी २००६पासून नऊ वर्षे घेतली. ती सर्व एका हार्ड डिस्कवर होती, आणि ती डिस्क त्याच कपाटात होती. एके दिवशी ती जोडली तेव्हा आतून टकटक आवाज आला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही; दुरुस्तीसाठी दिली, तेथूनही ती रिकामीच परत आली. आता प्रत्येक चित्राच्या तीन प्रती ठेवतो: दोन घरात, निरनिराळ्या साधनांवर, आणि एक ठाण्यास बहिणीकडे, आणि वर्षातून एकदा तिन्ही उघडून रुजवात घेतो. जुना डिजिटल कॅमेरा संग्रहात घेणाऱ्याने त्याचा चार्जर आणि त्याच्या कार्डाचा रीडरही त्याच दिवशी मागून घ्यावा. स्मार्टमीडिया किंवा एक्सडी कार्डाचे दिवस सरले आहेत, आणि कार्ड वाचता आले नाही तर तो कॅमेरा केवळ डबा होय. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेली ठेवू नये, पूर्ण भरलेलीही नको. निम्मी भरून, बाहेर काढून ठेवावी.

मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद २००३ साली गिनेस बुकात झाली, तेव्हा आमच्यासारख्या कित्येकांना संख्येची ओढ लागली. एवढा संग्रह सांभाळणे हे आयुष्याचे काम आहे. नोकरी, लोकलचा प्रवास आणि दोन खोल्यांचे घर असलेल्या माणसाने आपली संख्या आपल्या सवडीवरून ठरवावी. प्रत्येक कॅमेऱ्याचे शटर महिन्यातून एकदा, एका सेकंदाच्या मंद गतीपासून सर्वांत वेगवान गतीपर्यंत, चालवून पाहण्यास जितकी सवड मिळते तितकेच कॅमेरे मी आता ठेवले आहेत. ते चौदा आहेत. बाकीचे मी शिकणाऱ्या मुलांना दिले, आणि त्यांतील काहींनी येऊरच्या जंगलात आणि खाडीकाठी रोल भरून आणले आहेत.

एक विनंती मात्र सर्वांना आहे, ज्यांच्याकडे कॅमेरा एकही नाही त्यांनासुद्धा. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते. त्या सुटीत घरातील जुन्या निगेटिव्हची पाकिटे काढा, व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल ती वेगळी करा, आणि उरलेली एकेक खिडकीच्या उजेडात धरून घरातील वडीलधाऱ्या माणसास विचारा की यात कोण आहे. ते सांगतील ते नाव आणि साल पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या ट्रंकेतून वाचलेल्या अकरा निगेटिव्हपैकी चारांत कोण उभे आहे, हे सांगू शकणारी आत्या मागच्या वर्षी गेली.