राहुरीचं कृषी विद्यापीठ कसं उभं राहिलं?

जुनी विद्यापीठं म्हटलं की आपल्याला नालंदा, ऑक्सफर्ड आठवतात. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं. परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हेच सुरुवातीला त्याचं मुख्य काम. मग शेतकऱ्याच्या बांधापर्यंत विद्या पोचणार कशी?

विचार कुठून आला?
महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणाचा लाभ मूठभरांना होतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण मिळावं, असंही मांडलं.

अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन शेती शिकवणारी महाविद्यालयं काढली गेली. त्या नमुन्यावर भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला सुरू झालं.

एकाची चार झाली
महाराष्ट्रात २९ मार्च १९६८ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पण एकच विद्यापीठ सगळ्या राज्याला कसं पुरणार? कोकणात भात, विदर्भात कापूस, आपल्याकडे कोरडवाहू ज्वारी! विदर्भात तर स्वतंत्र विद्यापीठासाठी मोठं आंदोलन झालं. १९६९ मध्ये राहुरी आणि अकोला अशी दोन विद्यापीठं झाली. १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीची भर पडली. राहुरीच्या विद्यापीठाला नाव मिळालं महात्मा फुले यांचं.

तीन कामं
शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेतलं ज्ञान शेतात नेणं. रब्बी ज्वारीचंच बघा. राहुरीने हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’ आणि भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ हे वाण दिले. पाऊस कमी आणि जमीन हलकी असेल, तर चुकीच्या वाणाने अख्खा हंगाम वाया जातो. म्हणून वाणाची निवड म्हणजे घरच्या भाकरीचा प्रश्न.

थोडक्यात, विद्यापीठाचं मोठेपण फक्त वयावरून ठरत नाही. त्याची विद्या कोणाच्या उपयोगी पडते, हेही बघावं लागतं.

स्वाध्याय
१. महाराष्ट्रात एकाच कृषी विद्यापीठावर का भागलं नाही?
२. कृषी विद्यापीठाची तीन कामं सांगा.
३. तुमच्या शेतातली किंवा गावातली जमीन हलकी, मध्यम की भारी? तिथे ज्वारीचा कोणता वाण पेरतात, ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहा.