टाकीत कोण उतरणार?



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गावांत लग्नांची गडबड सुरू होते. घरे रंगवली जातात, मांडवाचे सामान येते, पाहुण्यांची यादी होते आणि कुणाला तरी आठवते की शौचालयाची टाकी भरली आहे. मग फोन केला जातो. टँकर येतो, शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात, तासा-दीड तासात काम होते. टँकरबरोबर दोन-तीन माणसे असतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

तंत्रज्ञानाविषयी आपण सारेच बोलतो. मोबाइलने मुले बिघडली, यंत्रांनी कामे गेली, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आणखी काय करील, अशा गप्पा चर्चच्या पायऱ्यांवरही रंगतात. या गप्पांत आपल्याच अंगणातल्या टाकीचा विषय मात्र निघत नाही. एका रविवारी आम्ही काही जणांनी तो मुद्दाम काढला आणि त्यावर थोडा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

विषय निघण्याचे कारण दूरचे नव्हते. एप्रिल 2024 मध्ये आपल्या विरारमध्ये एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. त्या आठवड्यात आपण हळहळलो, पुढच्या आठवड्यात विसरलो. 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना देशभरात 377 माणसे मृत्युमुखी पडल्याचे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले आहे.

टाकीत नेमके काय असते?

टाकीतला मैला हवेविना कुजतो. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो हे सर्वांना माहीत आहे. त्याचा खरा दगा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. प्रमाण वाढले की हा वायू माणसाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे ‘आता वास कमी झाला, उतरायला हरकत नाही’ असे वाटते तेव्हाच धोका सर्वांत मोठा असू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. प्रमाण फार असेल तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. घट्ट झालेल्या गाळात वायू अडकून बसलेला असतो. वरून टाकी शांत दिसते. माणूस आत उतरतो, फावड्याने गाळ हलवतो आणि अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणून दोन तास झाकण उघडे ठेवले म्हणजे झाले, हा आपला समज खरा नाही. तोंडाला फडके बांधूनही उपयोग नाही, कारण फडके धूळ अडवते, वायू अडवत नाही. काही ठिकाणी जळती काडी किंवा मेणबत्ती आत सोडून पाहतात. ते तर करूच नये. मिथेन पेट घेतो, आणि मेणबत्ती जळत राहिली तरी हायड्रोजन सल्फाइड नाही असे सिद्ध होत नाही.

अशा दुर्घटनांत पुष्कळदा एकाहून अधिक माणसे मरतात. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागे तिसरा. केरळात कोझिकोड येथे 2015 साली गटारात अडकलेल्या दोन कामगारांना वाचवण्यासाठी एका रिक्षाचालकाने उडी घेतली आणि तिघेही गेले. त्या रिक्षाचालकाच्या धैर्यापुढे मान लवते. पण अशा वेळी आत उतरायचे नसते, हे आपल्या मुलांना शिकवले पाहिजे. वरून पंख्याने ताजी हवा सोडावी, कमरेला दोर असेल तर ओढावे, अग्निशमन दलाला बोलवावे.

‘ती माणसे तयार असतात’

आमच्या चर्चेत जी मते आली ती वाचकांनीही ऐकली असतील. पहिले मत असे, की आपण काही जबरदस्ती करीत नाही, पैसे देतो आणि ती माणसे तयार असतात. एका भगिनीने त्यावर विचारले, ‘आपल्यापैकी कोण तयार होईल? दुप्पट पैसे दिले तर?’ कोणीच बोलले नाही. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेखाली गटारे व टाक्या साफ करणाऱ्यांची नोंदणी झाली, त्यांत दोनतृतीयांशांहून अधिक कामगार अनुसूचित जातींचे निघाले. खरोखर ज्याला वाटेल तो तयार होत असता, तर इतर समाजांची माणसेही त्याच प्रमाणात दिसली असती. तयारी कशातून येते, हे यावरून समजते.

दुसरे मत, ‘ते दारू पिऊनच उतरतात.’ हे पुष्कळदा खरे आहे आणि दारूमुळे धोका वाढतो हेही खरे. पण शुद्धीवर राहून त्या टाकीत कोणी कसे उतरावे, हाही प्रश्न आहे.

येथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या वसाहतीची टाकी उपसली जात होती. पाइपने पातळ भाग गेला, तळाचा गाळ राहिला. तेव्हा ठेकेदाराचा एक विशीतला मुलगा कमरेला दोर बांधून उतरला. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. थांबवावे असे कोणालाच सुचले नाही. काम झाल्यावर चहा दिला, तो फेकून द्यायच्या पेल्यांत आणि हात लागू नये इतक्या उंचावरून. त्याच पेल्यांत आपण मांडवात सरबत पितो, तेव्हा पेल्यांचे काही नाही. पण त्या दिवशी घरात कप होते आणि ते काढले गेले नाहीत. आपल्यात जातपात नाही असे आपण सांगतो. त्या दिवसानंतर आम्ही हे वाक्य जरा जपून बोलतो.

कायदा काय म्हणतो?

अशा सफाईला लगाम घालणारा कायदा 2013 साली झाला. संरक्षक साधने व सुरक्षेची व्यवस्था न पुरवता गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी केवळ नगरपालिकेला नाही. कोणत्याही व्यक्तीला आहे, म्हणजे घरमालकालाही आणि गृहसंस्थेच्या सेक्रेटरीलाही. ‘आम्ही ठेका दिला होता’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली हे बरेच झाले. पण ती मिळते मेल्यावर.

यंत्र आहे, मग अडते कुठे?

भारताचे यान 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, आणि तरी गटारात माणूस उतरतो, असे भाषणांत ऐकू येते. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते बोलून झाले की सगळे घरी जातात. चंद्रयान आणि आपली टाकी यांचा तसा संबंध नाही. टाकीसाठी लागणारे तंत्र फार साधे आहे आणि ते आपल्याकडे आहेच. केरळातील तरुण अभियंत्यांनी गटारात उतरणारा ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव केला आणि 2018 पासून तो तिरुवनंतपुरमहून इतर शहरांत गेला. अरुंद गल्ल्यांत शिरतील अशा लहान गाड्या आहेत. टाकीतली हवा मोजणारे तळहाताएवढे यंत्र एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळते.

मग अडते कुठे? पुष्कळदा आपल्यापाशीच अडते. घरची टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी असा नियम आहे. आपण दहा-दहा वर्षे उपसत नाही. शौचालय तुंबले तरच आठवण होते. तोवर तळाचा गाळ इतका घट्ट झालेला असतो की पाइप तो ओढू शकत नाही. यंत्र हरते ते येथे आणि मग कमरेला दोर बांधून कोणाला तरी उतरवले जाते. शिवाय काही टाक्यांवर फरशी बसवलेली, काहींवर गाडी ठेवायची जागा केलेली, तर काहींना झाकण म्हणून जेमतेम एक चौकोन. बांधतानाच आपण यंत्राची वाट बंद केलेली असते. आपल्या भागात विहिरी आणि बावखले जवळजवळ आहेत. गळक्या टाकीचे पाणी कुठे जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

यंत्र आले तर त्या माणसांच्या पोटाचे काय, असेही एका वयस्कर बंधूंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली श्रमाविषयी जे विश्वपत्र लिहिले, त्यात तंत्रज्ञान हे माणसाचे मित्र असले तरी ते त्याचे काम हिरावून घेऊन वैरीही होऊ शकते, असा विचार मांडला आहे. म्हणून यंत्र कोणाच्या मालकीचे, हे पाहावे लागते. हैदराबादमध्ये 2017 साली अशा लहान सफाई गाड्या आणल्या गेल्या, तेव्हा त्या दलित उद्योजकांच्या मालकीच्या असाव्यात अशी योजना झाली. पुण्यात सुरू झालेल्या दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ या संस्थेचा तिच्यात पुढाकार होता. दिल्लीत 2019 साली दोनशे गाड्यांची तशीच योजना झाली आणि त्या सफाई कामगार व मृतांच्या कुटुंबीयांना देण्याचे ठरले. काल जो आत उतरत होता तो आज गाडीचा मालक होतो, हप्ते फेडतो. सगळीकडे हे नीट चालले असे आम्ही म्हणणार नाही. कामाची बिले वेळेवर निघाली नाहीत तर बँकेचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. तरीही नुसते यंत्र आणून जुन्या माणसाला घरी बसवण्यापेक्षा ही वाट अधिक न्यायाची आहे.

आमच्या वसाहतीने सध्या एवढेच केले आहे. टाकी उपसल्याची तारीख तेलरंगाने झाकणाशेजारी भिंतीवर लिहिली आहे आणि पुढची तारीखही. झाकणावरची फरशी काढली. ठेकेदाराला आधीच सांगितले की माणूस उतरवायचा नाही. गाळ निघाला नाही तर पाणी सोडून पुन्हा ओढा, दुसरी फेरी लागली तर तिचे पैसे देऊ. तो हसला. म्हणाला, ‘हे असे आजवर कुणी बोलले नव्हते.’ दुसऱ्या फेरीचे पैसे कुणी भरायचे यावर सभेत बराच वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक कुटुंब अजून भरायला तयार नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.