टोपलीसमोर उभं राहून काय बोलायचं?



आजचं वाचन: अनुवाद 26:1-11. आधी बायबल उघडून हा भाग सावकाश वाचा, मग पुढे या.

गेल्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना एकाने सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कोण? म्हणजे ख्रिश्चन व्हायच्या आधी?" मी म्हणालो, "आमच्याकडे पणजोबांपासून सगळे ख्रिस्तीच," आणि विषय बदलला. बोललो ते खोटं नव्हतं, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. पणजोबांच्या आधीचं मी गिळून टाकलं. त्याच रात्री रोजच्या वाचनात हा अध्याय आला आणि मी अडकलो.

इथे काय घडतं बघा. शेतकरी शेताचा पहिला माल टोपलीत घालून आणतो. याजक टोपली वेदीपुढे ठेवतो. आपल्याला वाटेल, आता हा पिकाबद्दल बोलेल. पाऊस चांगला झाला, भाव मिळाला, देवाची कृपा! पण त्याला बोलायला लावलंय वेगळंच. आधी मूळ सांगायचं: माझा पूर्वज भटका होता, मूठभर माणसं घेऊन मिसरात गेला, तिथे आमचा छळ झाला, आम्ही ओरडलो, देवाने ऐकलं. हे सगळं झाल्यावर दहाव्या वचनात कुठे पिकाचा उल्लेख येतो.

आता सर्वनामं बघा. पाचव्या वचनात पूर्वज आहे, म्हणजे 'तो'. सहाव्यापासून 'आम्ही'. दहाव्यात 'मी'. ज्याने मिसर कधी पाहिला नाही तो माणूसही "आमचा छळ झाला" असंच म्हणतो. मी ऑफिसात नेमकं उलट केलं. 'मी'पासून सुरुवात केली आणि 'आम्ही'पर्यंत पोहोचलोच नाही.

या वचनांवर अभ्यासकांनी खूप लिहिलंय. जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राड यांनी 1938 मध्ये मांडलं की हा इस्राएलचा फार जुना, छोटा विश्वासांगीकार आहे. तो इतका जुना आहे का, यावर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली. पाचव्या वचनातला हिब्रू शब्दही सरळ नाही. त्याचा अर्थ 'भटकणारा' होतो, तसाच 'नाश पावत असलेला' असाही होतो. म्हणजे पूर्वज नुसता फिरस्ता नव्हता, मरणाच्या दारात होता.

पण मला हलवलं ते आपल्या देशातल्या लिखाणाने. 1981 मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी शूद्र ईश्वरविज्ञानाविषयी भाषण दिलं. दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात तिथून धरतात. पुढे मद्रासच्या गुरुकुलमध्ये त्यांनी ते काम वाढवलं. त्यांच्या एका गाजलेल्या लेखाच्या मध्यभागी आहे आजचंच वाचन! ते म्हणतात ते माझ्या शब्दांत असं: त्या अरामी पूर्वजाला निदान भटकायची तरी मोकळीक होती, माझ्या दलित पूर्वजाला तेवढीही नव्हती. तेव्हा दलित ख्रिस्ती माणसाने आपला विश्वासांगीकार तिथूनच सुरू करावा.

आपल्या मराठीत दया पवारांचं 'बलुतं' 1978 ला आलं आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' 1980 ला. 'मी कुठून आलो' हे लोक लिहू लागले होते. चर्चमध्ये मात्र आपण ते साक्षीत सुद्धा सांगत नव्हतो.

निर्मल यांचा दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. देश मिळणं हे सुटकेचं फळ आहे, तिचं ध्येय नाही. हक्क, सवलती हव्यातच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत, आणि तो प्रश्न आपल्या कितीतरी घरांत रोजचा आहे. पण ध्येय त्याहून मोठं आहे: देवाच्या प्रतिरूपातलं पूर्ण माणूसपण. नंतरच्या अभ्यासकांनी हा धागा पुढे नेला. सत्यनाथन क्लार्क यांचं 'दलित्स अँड ख्रिश्चॅनिटी' (1998) आणि पेनिएल राजकुमार यांचं 'दलित थिऑलॉजी अँड दलित लिबरेशन' (2010) ही दोन पुस्तकं जमली तर मिळवा. इंग्रजी जड आहे, पण रोज दोन पानं जमतात.

मागच्या शनिवारी मी हिंगोलीची गाडी पकडली. गावाकडे हळद काढून झाली होती. अंगणात शिजवलेली हळद वाळत होती, वास पार रस्त्यापर्यंत. आजीजवळ बसलो आणि विचारलं, "आजी, आपले मूळचे लोक कोण?"

"कामून विचारायलास रे आता?" ती म्हणाली. मग बराच वेळ हळद हलवत राहिली. शेवटी बोलली. पणजोबा दुसऱ्यांच्या वावरात हळद खणायचे. वाड्याच्या पायरीला हात लावायची सोय नव्हती. पाणी वरून ओंजळीत. "तुझ्या बापानं दोन एकर घेतलं तवा मी रडले," ती म्हणाली, "पर कुणाला सांगितलं न्हाई कामून रडले ते."

रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीला आम्ही हळदीची टोपली नेली. पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मी उठलो. पाय थरथरत होते. पणजोबांपासून सुरुवात केली. मागे बायकांच्या बाजूला आजी डोळ्याला पदर लावून बसली होती. यावेळी कारण सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी त्या मित्रालाही पूर्ण उत्तर दिलं. तो थोडा गप्प झाला, मग त्याने त्याच्या घरची गोष्ट सांगितली.

जाता जाता अकरावं वचन विसरू नका. या आनंदात लेवी आणि उपरी दोघांना बसवायचं आहे. ज्याला स्वतःचं मिसर आठवतं, त्याला दारातला परका दिसतो. आठवणीची खरी परीक्षा तिथे होते.

आज विचार करा:
1. माझ्या साक्षीतलं कोणतं वाक्य मी नेहमी गाळतो?
2. घरातल्या कोणत्या वडीलधाऱ्या माणसाला मी अजून विचारलेलं नाही?
3. माझ्या टोपलीजवळ उपरी कोण आहे?

प्रार्थना: प्रभू, आमच्या पूर्वजांचं ओरडणं तू ऐकलंस. त्यांची लाज वाटू नये असं मन आम्हाला दे. जे मिळालंय ते हातात घेऊन, कुठून आलो ते सांगत, तुझ्यापुढे उभं राहायला शिकव. आमेन.