वेदनेचे मोल : मानवी चेतासंस्थेचा परिचय

‘वेदना’ हा शब्द मराठीत आपण दुखण्याच्या अर्थाने वापरतो. पाली भाषेत त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही, अशा तिन्ही प्रकारच्या अनुभूतींना तेथे वेदना म्हटले जाते. पंचस्कंधांपैकी ती एक स्कंध होय. ही अनुभूती शरीरात ज्या मार्गाने येते त्या चेतासंस्थेची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर, ज्या वेदनेपासून आपण सारेच दूर पळतो ती नाहीशी झाली तर काय घडते, याकडेही आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

चेतासंस्थेचे दोन मुख्य भाग पडतात. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. त्यातील सर्वांत मोठा भाग म्हणजे प्रमस्तिष्क. विचार, स्मृती, भाषा आणि आपल्या इच्छेने होणाऱ्या हालचाली यांचे ते केंद्र आहे. त्याच्या मागे व खाली असलेले अनुमस्तिष्क शरीराचा तोल सांभाळते व हालचालींत सुसूत्रता आणते. मस्तिष्कपुच्छ श्वसन व हृदयाचे ठोके यांवर नियंत्रण ठेवते. तेथून निघालेला मेरुरज्जू पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून सुमारे ४५ सेंटिमीटर खाली जातो.

दुसरा भाग परिघीय चेतासंस्थेचा. मेंदूपासून चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूपासून ३१ जोड्या निघतात व त्यांच्या शाखा सर्व शरीरभर पसरतात. काही चेता त्वचा, डोळे, कान यांच्याकडून वार्ता आत आणतात, त्या संवेदी. काही आतील आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचवतात; त्या प्रेरक. बहुतेक चेता दोन्ही कामे करतात. हृदय, जठर, आतडी यांची कामे आपल्या इच्छेविना चालू ठेवणाऱ्या चेतांच्या जाळ्यास स्वायत्त चेतासंस्था म्हणतात.

या संस्थेचा मूळ घटक चेतापेशी होय. मानवी मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. पेशीच्या आखूड, फांद्यांसारख्या वृक्षिका संदेश घेतात आणि एक लांब अक्षतंतू तो पुढे नेतो. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. संदेश तंतूमधून विद्युत् आवेगाच्या रूपाने धावतो. दोन पेशींमधील अतिसूक्ष्म फट मात्र तो बहुधा रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने ओलांडतो. सर्वांत जलद तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरहून अधिक असतो, तर ठसठसणारे दुखणे वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंमध्ये तो सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो.

तापलेल्या तव्याला बोट लागताच हात झटकन मागे येतो. येथे संवेदी चेता वार्ता मेरुरज्जूपर्यंत नेते आणि तेथूनच आज्ञा घेऊन प्रेरक चेता स्नायूकडे परतते. ‘भाजले’ हे मेंदूला कळण्यापूर्वीच हात सुटलेला असतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. त्यानंतर जाणवणारे दुखणेही निरर्थक नसते. त्या बोटाला जपा, ते पुन्हा तेथे नेऊ नका, अशी ती शिकवण असते.

ही शिकवण देणारी चेताच निकामी झाली तर? कुष्ठरोगात नेमके हेच घडते. या रोगाचे जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी शोधले. त्यांना शरीरातील थंड जागा मानवतात, म्हणून ते त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या चेतांमध्ये वाढतात. कोपर, गुडघा व चेहरा येथील चेतांना त्यांचा विशेष उपद्रव होतो. उष्ण-थंड, स्पर्श आणि मग वेदना यांची जाणीव हळूहळू लोपते. हा रोग बोटे खातो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. प्रत्यक्षात बोटांचा नाश मुख्यतः वारंवार होणाऱ्या दुर्लक्षित जखमांनी होतो, हे वेल्लोर येथील शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांच्या कार्याने स्पष्ट केले. चटका बसतो, काटा रुततो, पायाला फोड येतो. परंतु दुखत नाही, म्हणून कोणी थांबत नाही आणि जखम चिघळत जाते.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी म्हणूनच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नये. तो दुखत नाही, म्हणूनच अंगावर काढला जातो. सरकारी आरोग्य केंद्रात यावरील औषधे विनामूल्य मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार उपचार सहा किंवा बारा महिने चालतो आणि रोग पूर्ण बरा होतो. तो आनुवंशिक नाही, पापाचे फळ तर नाहीच नाही. मात्र उशीर झाल्यास औषधाने जंतू मरतात, पण फार काळ निकामी राहिलेल्या चेतेची संवेदना बहुधा परतत नाही. लाजेपायी गमावलेल्या एकेका महिन्याची किंमत अशी मोजावी लागते.

उदानातील सुप्पबुद्ध कुष्ठरोग्याची कथा बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून घेतली आहे. दुरून जमाव पाहून, अन्नदान चालू असेल या आशेने तो राजगृही तथागतांच्या सभेपाशी आला. त्याला कोणी हाकलले नाही. धम्म समजून घेण्याची पात्रता त्या सभेत त्याच्याच ठायी आहे, हे जाणून तथागतांनी त्याला उद्देशून उपदेश केला.

चेतासंस्थेचा अभ्यास आम्हांला याच वाटेवर आणतो. आपल्या वेदनेकडे सजगपणे पाहणे हे ध्यानाचे पहिले पाऊल असेल, तर ज्याला ती जाणवेनाशी झाली आहे त्याच्या हातापायांची काळजी घेणे हे करुणेचे. सोबत्याच्या अंगावर असा चट्टा दिसल्यास त्याची थट्टा न करता त्याला धीर द्यावा आणि गृहपालांना सांगून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे.