प्रतीकाचा अर्थ कोठे असतो? : आयर्लंडची हार्प

प्रतीकाचा अर्थ त्या वस्तूत असतो की ती वापरणाऱ्या समाजात, या प्रश्नाचा विचार आयर्लंडच्या हार्पच्या आधारे करू.

हार्प हे बोटांनी छेडायचे, त्रिकोणी चौकटीचे तंतुवाद्य. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये गेलिक सरदारांच्या पदरी कवी असत, तसे हार्पवादकही असत. यजमानाची स्तुतिकाव्ये हार्पच्या साथीने सादर होत. म्हणजे तिच्यात आश्रयदात्याची प्रतिष्ठा सामावलेली होती. पुढे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने 1534च्या सुमारास आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर मुकुटधारी हार्प आणली आणि तीच हार्प राजसत्तेची खूण झाली. 1791मध्ये बेलफास्ट येथे ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संघटना स्थापन झाली. तिने आपल्या चिन्हात हार्प ठेवली, परंतु मुकुटाच्या जागी स्वातंत्र्याची टोपी आणली. माथ्यावरचा एक तपशील बदलला आणि राजनिष्ठेचे चिन्ह बंडाचे चिन्ह झाले.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. पुढच्याच वर्षी, 1792मध्ये, बेलफास्टमध्ये हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हा आयर्लंडमधील अवघे दहा वादक जमले. त्यांतील अनेक अंध होते. लुप्त होत चाललेल्या त्यांच्या चाली टिपून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या तरुण संगीतकाराकडे सोपवले गेले. प्रतीक बळावत होते; वाद्य मात्र मरणपंथाला लागले होते. आपल्या मते हेच या उदाहरणाचे मर्म आहे.

शॅमरॉक या त्रिदली पानाची कथा तुलनेने सरळ आहे. संत पॅट्रिकने त्यावरून त्रैक्याचे तत्त्व समजावले अशी आख्यायिका आहे. त्याच्या स्वतःच्या उपलब्ध लेखनात मात्र या पानाचा उल्लेख नाही.

1922मध्ये आयरिश फ्री स्टेटने हार्पलाच राजमुद्रेत स्थान दिले. नमुना घेतला तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील जुन्या हार्पचा. ती 1014मध्ये मरण पावलेल्या ब्रायन बोरू राजाच्या नावाने ओळखली जाते, पण वाद्य त्याच्या कित्येक शतके नंतरचे आहे. गिनेस या मद्य कंपनीने हार्प 1876मध्येच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली होती. राज्याच्या हार्पचे तोंड तिच्या उलट दिशेला आहे. ब्रिटनच्या राजचिन्हाच्या एका चौकोनातही हार्प अद्याप आहे.

स्वाध्याय : हेन्रीच्या नाण्यांवरील व युनायटेड आयरिशमेनच्या चिन्हातील हार्प यांची तुलना करून प्रतीकाचा अर्थ कशाने बदलतो, ते शंभर शब्दांत साधार लिहा.