अरबी समुद्राचें वर्षमान

खोताच्या वाडींतील अरुंद गल्ल्यांतून निघून गिरगांवच्या चौपाटीवर पोंचण्यास फार वेळ लागत नाहीं. वाडींतील लांकडी सज्ज्यांच्या घरांना खारी हवा पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची आहे. परंतु या शेजाऱ्याचा स्वभाव आपणांपैकीं किती जण ओळखून असतात? समुद्र लहरी आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक त्याचे बहुतेक व्यवहार नियमानेंच चालतात. ते नियम जाणणें आणि जाणल्यावर ते मानणें, या दोन गोष्टींवर शेंकडों जिवांचें रक्षण अवलंबून असतें. यास्तव त्यांतील मुख्य नियमांचा येथें विचार करूं.

पहिला नियम भरती-ओहोटीचा. मुंबईस सुमारें पंचवीस तासांत दोनदां भरती व दोनदां ओहोटी होते, आणि भरतीची वेळ दररोज सुमारें पाऊण तासानें पुढें जाते. यावरून किनाऱ्यावरील जुन्या लोकांनीं एक सुटसुटीत हिशेब बसविला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. अर्थात् त्या दिवशीं सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असावयाचा. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य आणि चंद्र पृथ्वीशीं एका रेषेंत येत असल्यामुळें त्यांच्या आकर्षणांची बेरीज होते व पाणी अधिक चढतें; यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तीं आकर्षणें परस्परांशीं काटकोन करितात, तेव्हां बेताची, म्हणजे भांगाची, भरती येते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गांठ पडली म्हणजे शहरांतील पाण्यास समुद्राकडे वाट मिळत नाहीं व सखल भाग जलमय होतात.

दुसरा नियम वाऱ्यांचा. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरून खारा वारा येतो. रात्रीं ती लवकर निवते, म्हणून पहांटेस जमिनीवरून मतलई वारा सुटतो. मतलई वाऱ्याबरोबर होडी बाहेर काढावी व दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर घरीं परतावें, हा शिडाच्या होड्यांचा क्रम याच नियमावर बसलेला होता. वर्षाच्या मोठ्या प्रमाणावरही असाच पालट होतो. उन्हाळ्यांत आशियाचा विस्तीर्ण भूभाग तापतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्र ओलांडून आपणांकडे येतो; हिवाळ्यांत वारा उलटून बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून वाहतो आणि समुद्र शांत होतो. ‘मान्सून’ हा शब्दही ऋतु या अर्थाच्या ‘मौसिम’ या अरबी शब्दापासूनच आला आहे.

तिसरा नियम लाटांचा. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा अवधि आणि ज्या मोकळ्या पाण्यावरून तो वाहतो त्याची लांबी, या तीन गोष्टींवर ठरते. नैर्ऋत्य वाऱ्यास तिन्ही अनुकूल असतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कोंकणापर्यंत त्याच्या मार्गांत अडथळा असा फारसा नाहींच. म्हणून आपल्या माथ्यावरील आकाश निवळलें तरी दूर समुद्रांत उठलेल्या लाटा किनाऱ्याकडे येतच राहतात. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत काशाच्या खडकानजीक लाटांच्या तडाख्यानें उलटली, व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. प्रवास अवघा कांहीं तासांचा होता, आणि मुंबई नजरेच्या टप्प्यांत होती. नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा केल्यावांचून होड्या पाण्यांत लोटूं नयेत, हा कोळी बांधवांचा परिपाठ किती शहाणपणाचा आहे, हें यावरून ध्यानांत येईल. आज शासनही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी करितें. त्यायोगें माणसांचें रक्षण होतें व माशांच्या वाढीसही अवसर मिळतो.

चौथा आणि सर्वांत भयंकर प्रकार चक्रीवादळाचा. सर्पाच्या वेटोळ्यासारख्या या वादळास ‘सायक्लोन’ हें नांव हेन्री पिडिंग्टन यानें कलकत्त्यास १८४८ सालीं दिलें. समुद्राचें पाणी सुमारें सव्वीस अंशांहून अधिक उष्ण असावें आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नसावी, तरच असें वादळ वाढतें. भर पावसाळ्यांत खालीं पश्चिमेचा व उंचावर पूर्वेचा जोरकस वारा असल्यामुळें त्याचा माथा मोडून जातो. म्हणून अरबी समुद्रांतील मोठीं वादळें मुख्यतः मे-जूनमध्यें आणि पुन्हां ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें उठतात. त्यांतील पुष्कळशीं ओमानकडे अगर गुजराथेकडे वळतात. यामुळें मुंबई बहुधा बचावते. परंतु अलीकडच्या दशकांत हा समुद्र अधिक तापत चालला असून तेथील प्रबळ वादळें वाढल्याचें शास्त्रज्ञांस आढळलें आहे. वादळाची दिशा ओळखण्याची सोपी खूण अशी, कीं आपल्या गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिल्यास कमी दाबाचें केंद्र डाव्या हातास असतें.

नोव्हेंबर १८८८ मध्यें कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळांत शेंकडों उतारूंसह नाहींशी झाली. त्या काळीं जहाजावर बिनतारी यंत्र नव्हतें. एकदां बंदर सुटलें कीं इशारा पोंचविण्यास मार्गच नसे. आज उपग्रह वादळावर अहोरात्र दृष्टि ठेवितात, बंदरांवर इशाऱ्याचा बावटा चढतो, आणि वार्ता गांवोगांव क्षणांत पोंचते. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धनाकडील नारळी-पोफळींच्या बागा भुईसपाट झाल्या. परंतु पूर्वसूचना मानून हजारों लोक अगोदरच सुरक्षित स्थळीं हलविले गेले होते, म्हणून प्राणहानि फार थोडी झाली. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळाचीही सूचना कांहीं दिवस आधीं मिळाली होती. तरी मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांतील तेलक्षेत्रावर ‘पी-३०५’ हा तराफा माणसांसह राहिला. त्याचे नांगर तुटले, तो १७ मे रोजीं बुडाला आणि सत्तरांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ‘वैतरणे’स वार्ता मिळणेंच शक्य नव्हतें, येथें वार्ता होती, पण माणसें वेळेवर किनाऱ्यास आलीं नाहींत.

प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत हीच गोष्ट आहे. सुरक्षित प्रवासाचा हंगाम टळला आहे, असें पौलानें बजाविलें असतां शताधिपतीनें तांडेलाचें व जहाजाच्या मालकाचें ऐकिलें; आणि तें जहाज मेलिता बेटाशीं फुटलें. विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकीं कोणी पुढें खलाशी होईल, कोणी अभियंता, कोणी अधिकारी. दुसऱ्यांस समुद्रावर पाठविण्याचा किंवा परत बोलाविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं येईल, त्यानें बावटा चढलेला दिसतांच कामाचा खोळंबा व पैशांची हानि यांचा हिशेब बाजूस ठेवावा. बुडालेला दिवस उद्यां भरून काढतां येतो. बुडालेलें माणूस परत येत नाहीं.